गेलेला फ्यूज काय सांगतो?

पुण्याहून सांगलीकडे निघालेले एखादे कुटुंब साताऱ्याच्या पुढे महामार्गाच्या कडेला थांबते. मागच्या चाकातील हवा कमी झाली आहे; परंतु हवा भरण्याचा छोटा पंप डिकीत असल्याने कोणाला फारशी चिंता वाटत नाही. समोरच्या सॉकेटमध्ये पंपाची पिन बसविली जाते. पंप घरघरू लागतो आणि दोन-तीन मिनिटांत एकाएकी गप्प होतो. मोबाईल जोडून पाहावा, तर तोही चार्ज होत नाही. इंजिन मात्र व्यवस्थित चालते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो. प्रसंग कल्पिलेला असला, तरी वाहन बाळगणाऱ्या अनेक घरांना तो ओळखीचा वाटेल.

अशा वेळी कोणी सज्जन मदतीस येतो. फ्यूज काढून पाहतो, तो जळलेला आढळतो. जवळ दुसरा फ्यूज नसल्याने त्याच्याच दोन पायांना तांब्याची तार गुंडाळून तो पुन्हा जागी बसविला जातो. पंप चालू होतो, सर्वांना हायसे वाटते. वास्तविक, खरा धोका त्याच क्षणी सुरू झालेला असतो.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

फ्यूज हा पंपाच्या किंवा मोबाईलच्या रक्षणासाठी बसविलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता बरोबर नाही. फ्यूज प्रामुख्याने तारेचे रक्षण करतो. फ्यूजच्या पेटीपासून सॉकेटपर्यंत जाणारी तार डॅशबोर्डच्या मागून, प्लॅस्टिक, कापड आणि फोम यांना लागून गेलेली असते. तिच्या कुवतीपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला, तर ती तापते, तिचे आवरण वितळते आणि आग लागू शकते. तशी वेळ येण्यापूर्वी मार्गातील सर्वांत दुर्बल दुवा तुटावा, अशी योजना मुद्दाम केलेली असते. तो दुवा म्हणजे फ्यूज.

म्हणूनच प्रत्येक फ्यूजवर आकडा असतो आणि प्रचलित पात्यांच्या फ्यूजमध्ये रंगही ठरलेला असतो: 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. निळ्याच्या जागी हिरवा बसविला, तर फ्यूज टिकेल. पण मग दुर्बल दुवा होण्याची पाळी तारेवर येईल. तांब्याची तार किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे तर पहारेकऱ्यालाच घरी पाठविणे होय.

तपासाचा क्रम

सॉकेट बंद पडल्यावर लगेच वायरिंग उघडण्याचे कारण नाही. सोप्यापासून अवघडाकडे जावे.

पहिला प्रश्न चावीचा. काही गाड्यांत सॉकेटला सतत वीज मिळते, तर काहींत चावी ठरावीक स्थितीत फिरविल्यावरच मिळते. दुसरा प्रश्न उपकरणाचा. तेच उपकरण दुसऱ्या गाडीत लावून पाहावे. पंपाच्या आणि काही चार्जरच्या पिनेचे टोक फिरवून उघडते. आत काचेचा लहानसा फ्यूज आणि स्प्रिंग असते. कित्येकदा गेलेला असतो तो हाच फ्यूज आणि गाडी निर्दोष असते.

तिसरा प्रश्न सॉकेटचा. मूळ सिगारेट पेटविण्यासाठी निर्माण झालेली ही खोबण उघड्या तोंडाची आहे. तिच्या तळाशी मध्यभागी धन टोक असते आणि सभोवतालची धातूची भिंत ऋण असते. लहान मुलाच्या हातून आत पडलेले एखादे नाणे या दोहोंना जोडू शकते आणि फ्यूज तत्क्षणी जातो. म्हणून विजेरीच्या उजेडात आत पाहावे. काही काढायचे असल्यास गाडी बंद करून, सॉकेटचा फ्यूज काढून, मगच काढावे. तेही लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने.

त्यानंतर फ्यूज. बहुधा एक पेटी डॅशबोर्डखाली आणि दुसरी इंजिनाजवळ असते. झाकणावरील किंवा माहितीपुस्तिकेतील नकाशा पाहून योग्य फ्यूज शोधावा. तो जागेवर असतानाही तपासता येतो. त्याच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पची चिमटी गाडीच्या रंग न लावलेल्या धातूला लावून, चावी चालू ठेवून, टोक दोन्ही ठिपक्यांना क्रमाने टेकवावे. दोन्हीकडे दिवा लागला, तर फ्यूज शाबूत आहे. एकाच बाजूला लागला, तर तो गेला आहे. कोठेच लागला नाही, तर फ्यूजपर्यंत वीजच पोहोचत नाही. अशा वेळी दोष रिलेत, चावीच्या स्विचमध्ये किंवा त्यामागील मुख्य फ्यूजमध्ये शोधावा लागतो.

जळण्याचे दोन प्रकार

फ्यूज गेला हे कळल्यावर तो का गेला, हे विचारणे अगत्याचे असते. त्याच आकड्याचा नवा फ्यूज बसवावा आणि सॉकेट रिकामे ठेवून पाहावे. काहीच जोडलेले नसताना तो तत्काळ गेला, तर कोठेतरी शॉर्ट आहे: सॉकेटमध्ये वस्तू पडली असेल किंवा तारेचे आवरण घासून ती धातूला टेकत असेल. तो टिकला आणि उपकरण जोडताच गेला, तर दोष उपकरणात किंवा त्याच्या पिनेत असण्याचा संभव अधिक. उपकरण काही मिनिटे चालल्यावर गेला, तर भार जास्त झाला असे समजावे.

भाराचा हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 12 व्होल्टवर 120 वॅटचा पंप 10 अँपिअर ओढतो. त्याच सॉकेटला दुहेरी जोड लावून 120 वॅटचा व्हॅक्यूम क्लीनरही चालविला, तर भार 20 अँपिअर होतो. 15 अँपिअरचा फ्यूज तो किती वेळ सोसणार?

बारा व्होल्ट दिसतात, तरी पंप चालत नाही

सर्वांत चकविणारा दोष वेगळाच असतो. फ्यूज चांगला, मल्टिमीटरवर सॉकेटमध्ये 12 व्होल्ट दिसतात, तरी पंप फिरत नाही. मीटर नाममात्र प्रवाह घेतो. पंपाला भरपूर लागतो. सॉकेटचा संपर्क ढिला असेल किंवा अर्थच्या जोडावर गंज चढला असेल, तर रिकाम्या सॉकेटमध्ये दाब पूर्ण दिसतो आणि भार पडताच कोसळतो.

समजा, अशा जोडात अर्ध्या ओहमचाच अडथळा आहे आणि त्यातून 10 अँपिअर वाहत आहेत. तेथेच 5 व्होल्ट खर्च होतात आणि 50 वॅटची उष्णता त्या इवल्याशा जागी साचते. फ्यूज मात्र जात नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. म्हणून पिन हाताला चटका देत असेल, प्लॅस्टिक काळवंडले असेल किंवा जळका वास येत असेल, तर वापर तत्काळ थांबवावा. ही सूचना फ्यूज देऊ शकत नाही. ती आपल्या नाकाला आणि बोटांनाच ओळखावी लागते.

कोठे थांबावे?

फ्यूज बदलणे आणि सॉकेट स्वच्छ करणे, येथपर्यंतचे काम घरच्या माणसाने करावे. फ्यूज बदलताना चावी बंद असावी. दुसऱ्यांदाही फ्यूज गेला, तर तिसरा न लावता जाणकार इलेक्ट्रिशियनकडे जावे. डॅशबोर्डमागील पिवळ्या आवरणाच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, आणि विद्युत वा हायब्रिड गाड्यांतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नये.

दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी योग्य आकड्यांचे चार फ्यूज आणि ते उपसण्याचा छोटा चिमटा एका डबीत ठेवावा. काही रुपयांचीच ही तयारी आहे. साताऱ्याच्या पुढे थांबलेल्या त्या गाडीत अशी डबी असती, तर तांब्याची तार शोधण्याची वेळ आली नसती. नवा फ्यूजही गेला असता, तर पंप बाजूला ठेवून स्टेपनी लावता आली असती. थोडा उशीर झाला असता. पण मागच्या आसनावर झोपलेली मुले निर्धोक घरी पोहोचली असती.