इंजिन आपोआप रेस होते तेव्हा : मर्ज ओळखा, मग खर्च करा

व्यापारी आणि कारागीर बांधवांची रोजी आज गाडीवर अवलंबून आहे. कापडाच्या गाठी असोत, भांडी असोत की फर्निचर, माल वेळेवर पोचला तर तिजारत. म्हणून गाडीच्या एका धोकादायक दुखण्याविषयी आज लिहीत आहोत. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिनची रेस उतरत नाही, उलट चढतच जाते, असे हे दुखणे आहे. सपाट रस्त्यावर याने फार तर फजिती होते. घाटात मात्र जिवावर बेतते.

भोरहून महाडला जाणारा रस्ता घ्या. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने वळणे घेत हिर्डोशी येते. तिथून पुढे वरंधा घाट चढायचा आणि मग कोकणात उतरायचे. आम्ही या रस्त्याने मालासह गेलो आहोत. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि घाट बंदही ठेवावा लागतो. हिर्डोशीच्या पुढे गॅरेजचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा गाडीची जी काही तपासणी करायची, ती भोरमध्ये किंवा फार तर हिर्डोशीला थांबून करावी.

हकीम औषध देण्याआधी नब्ज पाहतो. इंजिनचेही तसेच आहे. गॅरेजमध्ये गेल्याबरोबर हा पार्ट बदल, तो पार्ट बदल असे सुरू होण्यापूर्वी आपणच तीन सवालांचे जवाब शोधावेत.

पहिला सवाल : इंजिनबरोबर गाडीही पळते का? चढावर इंजिन ओरडते पण गाडी रेंगाळते, असे असेल तर दोष रेसचा नाही. क्लच प्लेट घासली आहे आणि ती इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचू देत नाही. तपासणी सोपी आहे. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून पायानेही ब्रेक दाबावा, वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही तपासणी एकदाच करावी. वारंवार केल्यास उरलीसुरली प्लेटही जळते.

दुसरा सवाल : चावी बंद केल्यावर इंजिन थांबते का? पेट्रोल गाडीत ठिणगी बंद झाली की इंजिन थांबतेच. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून चावी बंद करूनही डिझेल इंजिन चढत राहिले, तर ते कुठून तरी दुसरेच इंधन पिते आहे असे समजावे. त्याविषयी पुढे येईल.

तिसरा सवाल : रेस केव्हा चढते? सकाळी थंड असताना, गरम झाल्यावर, की पाय दाबून सोडल्यावर? सकाळी थंडीत इंजिन थोडे वर चालणे, एसी लावल्यावर किंचित चढणे, हा दोष नव्हे. गरम झालेले पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत साधारण मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांवर शांत झाले पाहिजे. ते दोन-अडीच हजारांवर अडकून बसले तर तपास करावा.

आता पेट्रोल गाडीतील कारणे, स्वस्त आधी आणि महाग नंतर.

सर्वांत आधी पायाखाली पाहा. मॅट सरकून पेडलवर चढते किंवा पेडल तिच्यात अडकते. ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. अमेरिकेत ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीचे पेडल दुसऱ्या मॉडेलच्या रबरी मॅटमध्ये अडकले आणि गाडीतील चारही जण दगावले. त्यानंतर टोयोटा कंपनीला लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोष संगणकात असावा अशी शंका होती, म्हणून ‘नासा’च्या इंजिनिअरांकडून तपास करून घेण्यात आला. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सापडला नाही, अडकणारे पेडल आणि मॅट हीच कारणे पुढे आली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या गाडीची ही गत, मग आपण टाकलेल्या गोणपाटाची काय कथा!

दुसरे कारण रेसची केबल. ओम्नीसारख्या जुन्या गाड्या आपल्या बांधवांकडे अजून मालासाठी फिरतात. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, म्हणजे सर्वांत नवी ओम्नीही आता काही वर्षांची झाली. केबलच्या तारेचा एखादा धागा तुटतो, आत गंज धरतो किंवा परत खेचणारी स्प्रिंग सैल पडते. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावे, सोडावे. दुसऱ्याने बॉनेटखाली (ओम्नीत सीट उचलून) पाहावे. दांडी झटकन परत येत नसेल तर मर्ज सापडला. इलाज मामुली किमतीचा आहे. कार्बोरेटरच्या गाडीत चोक अर्धवट ओढलेला राहिला तरी रेस चढते.

तिसरे कारण चोरून येणारी हवा. इंजिनकडे जाणारी हवा मोजून मिळावी लागते. व्हॅक्युमची रबरी नळी तडकली किंवा गॅस्केट फुटले की जादा हवा शिरते. इंजेक्शनच्या गाडीत त्यामुळे रेस चढते किंवा वरखाली होते. कान दिला तर ‘सूं’ असा आवाज येतो. नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात. जी दाबल्यावर रेस उतरेल, ती नळी दोषी. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडण्याचा उद्योग कोणी करू नये, आग लागते. ब्रेकच्या बूस्टरची नळी फुटली तर रेसही चढते आणि ब्रेकही कडक होतो. ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर गाडी जागची हलवू नये.

चौथे कारण थ्रॉटल बॉडीत साठलेला कार्बन आणि आयडलिंगचा वाल्व. पाचवे, सेन्सर. रेडिएटरचे पाणी कमी झाले किंवा त्यात हवा अडकली, तर तापमानाचा सेन्सर इंजिन थंड आहे असे सांगतो आणि रेस चढते. म्हणून आधी पाणी पाहावे, तेही इंजिन थंड झाल्यावर. नव्या गाड्यांत केबल नसते, पेडलपासून तारेने हुकूम जातो. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय कोणताही पार्ट बदलू देऊ नये. थ्रॉटल साफ केल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने पुन्हा बसवणी करावी लागते. ती राहिली तर रेस वरच राहते आणि ग्राहक उगाच दुसऱ्या पार्टचे पैसे भरतो.

डिझेलची बात वेगळी. टर्बोचे सील गेले, ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले किंवा रिंगा झिजल्या, तर इंजिनचेच ऑइल हवेच्या वाटेने आत जाते आणि जळते. निळसर-पांढरा धूर निघतो आणि चावीचा हुकूम चालत नाही. अशा वेळी क्लच दाबून आधी गाडी ब्रेकने थांबवावी. मग सर्वांत वरचा गिअर टाकून, पायाचा आणि हाताचा ब्रेक पक्का ठेवून क्लच एकदम सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. हे जमले नाही तर इंजिनपासून माणसे दूर करावीत. हवेच्या नळीवर हात लावू नये, सैल कापड टाकू नये. ते आत ओढले जाते.

चालत्या पेट्रोल गाडीत रेस अडकली तर घाबरू नये. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरावा. थ्रॉटल उघडे असताना बूस्टरला नवे व्हॅक्युम मिळत नाही. ब्रेक पुन्हा पुन्हा मारल्यास शिल्लक ताकद संपते. लगेच न्यूट्रल करावे. इंजिन ओरडले तर ओरडू द्यावे, इंजिन जिवापेक्षा महाग नाही. गाडी कडेला थांबल्यावर चावी बंद करावी. चालत्या गाडीत चावी काढू नये, स्टेअरिंग लॉक होते.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. उस्तादाला आपली तिन्ही उत्तरे सांगावीत, एका वेळी एकच पार्ट बदलावा, काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि पक्के बिल घ्यावे. गाडीतला माल बहुतेक वेळा उधारीवर आणलेला असतो. तो दुसऱ्याची अमानत आहे, आणि ड्रायव्हरचा जीव ही त्याच्या घरच्यांची अमानत आहे. हा मजकूर ज्यांनी वाचला त्यांनी आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवावा. घाट चढण्यापूर्वीची पाच मिनिटांची तपासणी नुकसानीतून वाचवते. अल्लाह सर्वांची सफर सलामतीची करो.