औष्णिक विद्युत केंद्राचा परिसर आणि देशपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानात देश या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत : भूमी आणि आतुर. भूमीची परीक्षा दोन हेतूंनी करावयाची, एक रुग्ण जाणण्यासाठी व दुसरा औषध जाणण्यासाठी. कोळशावर चालणाऱ्या विद्युत केंद्राच्या परिसराचा विचार करताना हे दोन्ही हेतू वैद्य व औषधनिर्माते यांच्या नित्य उपयोगाचे आहेत, हे दाखविण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

हा विषय उपनगरवासीयांना दूरचा नाही. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचे केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. अंधेरी-बोरिवलीच्या दिव्यांचा धूर असा बराच दूर निघू लागला. घाटकोपरपासून जवळ असलेल्या तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९८४ मध्ये ५०० मेगावॅटचा व २००९ मध्ये २५० मेगावॅटचा कोळशाचा संच सुरू झाला.

धुरात काय असते?

कोळसा जळताना त्यातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड हा वायू बनतो. नायट्रोजनची ऑक्साइडेही निर्माण होतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३० ते ४५ टक्के असते. या राखेचा मोठा भाग विद्युतभारित पट्ट्यांच्या यंत्रणेत अडकतो. परंतु अतिसूक्ष्म कण काही अंशी निसटतात. आर्सेनिक, शिसे यांसारख्या धातूंचे प्रमाण याच सूक्ष्म कणांवर अधिक आढळते. पारा वायुरूपातही बाहेर पडतो. उंच धुराड्यामुळे जवळचा भार हलका होतो, मात्र धूर नाहीसा होत नाही. तो अधिक दूरवर पसरतो.

जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल हे चार भाव सांगितले आहेत. दूषित वायूच्या लक्षणांत असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांचा उल्लेख आहे. राख तळ्यात साठली की उदक व भूमी यांचाही संबंध येतो.

आतुर जाणण्यासाठी

श्वासाच्या हेतूंमध्ये रज व धूम यांची गणना चरकांनी केली आहे. म्हणून प्रतिश्याय, कास व तमकश्वास यांच्या रुग्णास केवळ आहारविहार विचारून भागत नाही. तो कोठे वाढला, कोठे राहतो, कामावर राख किंवा कोळसा हाताळतो काय, गावाबाहेर गेल्यावर त्रास उणावतो काय, हे केसपेपरवर नोंदवावे. एका रुग्णावरून केंद्राला दोष देता येणार नाही. वाहने, चूल, तंबाखू व बांधकामाची धूळ हीही कारणे असतात. परंतु एकाच वस्तीतील दहा नोंदी एकत्र ठेवल्या तर त्यांस अर्थ येतो.

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा होय. अशा रुग्णास धूमपान किंवा घरात दाट धूपन सांगताना दहा वेळा विचार करावा. प्रतिमर्श नस्य व स्नेहन यांची योजना प्रकृती पाहून करावी. रुग्णाचा चालू असलेला इन्हेलर मात्र आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये.

औषध जाणण्यासाठी

स्मशान, वारूळ, क्षारयुक्त भूमी अशा स्थळांची वनस्पती घेऊ नये, असा संहितांचा दंडक आहे. त्या यादीत आज राखेचे तळे व धुराड्याखालील शेत घालण्यास प्रत्यवाय नसावा. पानावर राख बसली की रंध्रे बुजतात. गंधकाच्या वायूने पान करपते. अडुळशासारख्या पत्रद्रव्यांना याचा धोका विशेष. राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे असल्याने अम्ल-अविद्राव्य भस्ममान ही साधी चाचणी धुळीचा अंदाज देते. ते वाढलेले आढळल्यास माल परत करावा. मात्र मुळांवाटे शोषलेला धातू धुऊन जात नाही व या चाचणीत दिसतही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून जड धातूंची तपासणी हवी. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम या वनौषधींसाठीच्या मर्यादा आहेत. निर्यातीच्या वनौषधींस ही तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. आपल्या गावच्या रुग्णाला परदेशातील ग्राहकापेक्षा कमी शुद्ध औषध का मिळावे? पुरवठादाराकडून संकलनस्थळाचे नाव बिलावर लिहून घेण्यास तर खर्चही येत नाही.

डहाणूचा धडा

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्यास सांगितले. ती प्रत्यक्ष चालू झाली २००७ मध्ये. आठ वर्षे लागली, पण काम झाले. उलट, जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने देशातील बहुसंख्य कोळसा केंद्रांना ही यंत्रणा बसविण्यापासून मोकळीक दिली.

अशा वेळी चिकित्सकाची नोंदवही व औषधशाळेचा तपासणी-अहवाल यांचे मोल वाढते. चिकूच्या बागा राखण्यासाठी डहाणूचे नागरिक न्यायालयापर्यंत गेले. रुग्ण आणि औषध राखण्यासाठी आपणांस निदान रुग्णाचा व द्रव्याचा पत्ता तरी विचारता येईल.