प्रेशर कुकरमधील गाजराचा हलवा : वेळ वाचतो तो नेमका कुठे?

थंडीचे दिवस सुरू झाले की बाजारात लाल, रसदार गाजरांचे ढीग दिसू लागतात आणि घरोघरी हलव्याची आठवण निघते. मात्र गाजरे दुधात शिजवून ते दूध आटेपर्यंत तास-दीड तास शेगडीपाशी उभे राहण्याइतकी सवड आता फार थोड्या घरांत उरली आहे. साहजिकच हे काम प्रेशर कुकरवर सोपवले जाते. त्यातून पुष्कळदा निराशाच पदरी पडते. हलवा पाणचट होतो, दूध फाटते, तळ करपतो किंवा शिट्टीवाटे दूध उसळून ओटाभर पसरते. हा दोष कुकरचा नव्हे. हलव्यात दोन निरनिराळी कामे असतात आणि कुकर त्यांतील एकच करू शकतो. दुसरे काम कसे सोडवावे, याचे उत्तर मात्र मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरसारख्या माव्याच्या शहराकडे पाहिले की सहज सापडते.

माव्याचे शहर

वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडून खांडव्याच्या दिशेने निघाली की महाराष्ट्राची सीमा ओलांडताच तापीकाठचे बुऱ्हाणपूर लागते. फारुकी सुलतानांनी वसवलेले हे शहर खानदेशाची राजधानी होते. पुढे ते मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे केंद्र झाले आणि १६३१ मध्ये मुमताज महलचा मृत्यू येथेच झाला. १७६० मधील उदगीरच्या लढाईनंतर ते निजामाकडून पेशव्यांकडे आले. आजही येथे हिंदी आणि उर्दूच्या जोडीने मराठी कानी पडते. केळीच्या बागा आणि यंत्रमाग ही या जिल्ह्याची ओळख आहेच, पण खवय्यांच्या लेखी बुऱ्हाणपूर म्हणजे मावा जिलबी.

नेहमीची जिलबी मैद्याचे पीठ आंबवून केली जाते. बुऱ्हाणपूरच्या जिलबीचा मुख्य घटक असतो मावा, म्हणजे आपल्याकडचा खवा. त्यात थोडे आरारूट किंवा मैदा मिसळून ती तळली जाते व पाकात सोडली जाते. रंगाने गडद आणि पोताने मऊ असलेली ही जिलबी रमजानच्या महिन्यात मुंबईच्या मोहम्मद अली रोड परिसरातही बुऱ्हाणपूरच्याच नावाने विकली जाते.

या परंपरेतील सोय लक्षात घेण्याजोगी आहे. दूध आटवण्याचे वेळखाऊ काम मोठ्या कढईत, एकदाच आणि आधीच उरकलेले असते. मिठाई करणाऱ्याच्या हाती दूध येत नाही, दुधाचा अर्क येतो. घरच्या झटपट हलव्याचे मर्मही हेच आहे.

कुकर काय करतो आणि काय करत नाही

उघड्या पातेल्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. आच कितीही वाढवली तरी पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही, केवळ वाफ अधिक होते. कुकरमध्ये ही वाफ कोंडली जाते, आतला दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. गाजराच्या पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन या तापमानाला फार लवकर विरघळते. त्यामुळे एरवी पंचवीस-तीस मिनिटे घेणारे गाजर पाच-सात मिनिटांत मऊ होते.

मात्र ज्या झाकणामुळे गाजर लवकर शिजते, त्याच झाकणामुळे पाणी आत अडकून राहते. गाजराच्या वजनात जवळजवळ ८८ टक्के पाणी असते. म्हैस दुधातही पाण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असते. एक किलो गाजर आणि एक लिटर दूध कुकरमध्ये घातले, तर दीड लिटरहून जास्त पाणी आत जाते आणि शिट्ट्या झाल्यावरही त्यातील बहुतेक आतच असते. त्याचा मोठा भाग झाकण उघडल्यावर आटवावाच लागतो.

आटवणे हे शिजवण्यापेक्षा कितीतरी खर्चिक काम आहे. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसात पटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास लागते. गॅस जळतो तो मुख्यतः येथे. एक लिटर दुधाऐवजी खवा वापरला, तर पाऊण लिटरच्या आसपास पाणी आटवण्याचे काम घरच्या शेगडीवरून उतरते. म्हैस दुधाच्या एका लिटरपासून साधारण २०० ग्रॅम किंवा त्याहून थोडा अधिक खवा मिळतो. त्यामुळे एक किलो गाजराला २०० ग्रॅम खवा घेतला की दुधाचा हिशेब बरोबर जमतो.

दूध कुकरपासून दूर ठेवण्यास आणखीही कारणे आहेत. दूध फेसाळते, फेस शिट्टीच्या नळीत शिरतो आणि साय अडकून वाफेची वाट बंद होण्याचा धोका असतो. दुधातील घन पदार्थ तळाशी बसून करपतात आणि इतक्या उष्णतेत गाजराच्या किंचित आम्लतेनेही ते फाटू शकते.

कृती

साहित्य : लाल गाजरे १ किलो, साजूक तूप ४ मोठे चमचे, साखर २०० ग्रॅम, खवा २०० ग्रॅम, वेलची पूड अर्धा लहान चमचा, काजू, बदाम, बेदाणे आवडीनुसार आणि चिमूटभर मीठ.

१. गाजरे धुऊन, साल खरवडून किसावीत. किसण्यास वेळ नसल्यास बोटभर जाडीचे तुकडे करावेत. गाजराचा मधला दांडा पिवळट व कडक असेल तर तो काढून टाकावा.

२. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन चमचे तूप तापवून गाजर चार-पाच मिनिटे परतावे. गाजराचा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती तुपात विरघळतात. त्यामुळे हलव्याला रंग चढतो आणि त्यांतील जीवनसत्त्वाचा अंश शरीरात अधिक चांगला शोषला जातो.

३. अर्धी वाटी पाणी घालून झाकण लावावे. किसासाठी मध्यम आचेवर एक शिट्टी पुरते, तुकड्यांसाठी तीन. कुकर दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये.

४. दाब आपोआप उतरल्यावर झाकण उघडावे. तुकडे असल्यास पळीच्या पाठीने किंवा रवीने चेचावेत. त्यानंतर झाकण न लावता मोठ्या आचेवर सतत हलवत दहा-बारा मिनिटे पाणी आटवावे. पसरट कढईत हे काम अधिक लवकर होते, कारण वाफेला मोकळा पृष्ठभाग मिळतो.

५. पाणी आटल्यावरच साखर घालावी. साखर आधी घातली तर गाजर नीट मऊ होत नाही. साखर विरघळली की मिश्रण पुन्हा सैल होते. ते घट्ट होण्यास पाच-सहा मिनिटे लागतात.

६. खवा हाताने मोकळा करून वेगळ्या भांड्यात मंद आचेवर गुलाबीसर परतावा व हलव्यात मिसळावा. उरलेले तूप, मीठ, वेलची पूड आणि सुकामेवा घालून कडेने तूप सुटू लागेपर्यंत परतावे.

किसण्याचा वेळ सोडला तर सारे काम पाऊण तासाच्या आत आटोपते. बाराही महिने मिळणारी नारिंगी गाजरे वापरायची असल्यास एखादी शिट्टी वाढवावी. ती तुलनेने कडक आणि कमी रसाळ असतात.

खवा पारखून घ्यावा

झटपट हलव्याची सारी भिस्त खव्यावर असल्याने तो चांगला असणे अगत्याचे आहे. खवा साधारणतः तीन प्रकारचा असतो. घट्ट पिंडी खवा पेढे-बर्फीसाठी, दाणेदार खवा कलाकंदासाठी आणि मऊ, ओलसर धाप खवा गुलाबजाम व गाजर हलव्यासाठी योग्य ठरतो. सणासुदीला मागणी वाढते तेव्हा त्यात पिठूळ पदार्थ मिसळले जाण्याची शक्यता असते. याची परीक्षा घरीही करता येते. थोडा खवा पाण्यात उकळून पूर्ण थंड करावा आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात स्टार्चची भेसळ आहे. परीक्षेचा नमुना अर्थातच फेकून द्यावा. आंबूस वास येणारा किंवा चिकट तार सुटणारा खवा घेऊ नये. आणलेला खवा फ्रिजमध्ये ठेवून शक्यतो दोन दिवसांत वापरावा. शंका असल्यास आदल्या रात्री घरीच दूध आटवून ठेवणे अधिक श्रेयस्कर.

सुरक्षिततेचे भान

कुकर लावण्यापूर्वी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून मोकळी असल्याची खात्री करावी. चिरलेली किंवा सैल झालेली रबरी रिंग बदलावी. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा असावा. घाईत झाकण ओढून उघडू नये. गोड, चिकट मिश्रण अंगावर उडाले तर ते कातडीला चिकटून राहते आणि साध्या पाण्याहून खोल भाजते.

थोडक्यात, शिजवण्याचे काम कुकरला द्यावे, आटवण्याचे काम उघड्या कढईला द्यावे आणि दुधाची भूमिका खव्याकडे सोपवावी. या तिघांची कामे एकमेकांवर लादली नाहीत, तर कामावरून परतल्यावरही रात्रीच्या जेवणात गरम हलवा वाढता येतो आणि त्याच्या चवीत घाईचा मागमूसही राहत नाही.