कोरलमधली फाईल इलस्ट्रेटरमध्ये फुटते? पाठवण्याआधी एवढं करा

सिद्धेश्वर यात्रेचे बॅनर असोत की चादर-टॉवेलचे लेबल, आपण डिझाईन करतो कोरल ड्रॉमध्ये आणि प्रिंटर फाईल उघडतो इलस्ट्रेटरमध्ये. तिथे मजकूर फुटतो, बॉर्डर जाड होते, शॅडो बिघडते. माल छापून झाला की खर्च आपल्याच गळ्यात!

आधी कारण समजून घ्या. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या कोडवर बसवलेला असतो. समोर तो फॉन्ट नसला की ‘सोलापूर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये अक्षरं मराठीच राहतात, पण इलस्ट्रेटरमध्ये भारतीय भाषांची सेटिंग चालू नसेल तर वेलांटी सरकते, जोडाक्षर तुटतं.

आता उपाय:

1. ग्राहकाकडून स्पेलिंग ओके करून घ्या. नंतर अक्षर बदलता येत नाही.
2. मूळ फाईल जपून ठेवा. कॉपीमध्ये मजकूर निवडून कंट्रोल + क्यू दाबा, म्हणजे अक्षरांचे कर्व्ह होतात.
3. बॉर्डर निवडून कंट्रोल + शिफ्ट + क्यू दाबा. मग साईज बदलली तरी जाडी प्रमाणात राहते.
4. शॅडोचं 300 डीपीआयचं बिटमॅप करा.
5. डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा. तिथे टेक्स्ट दिसलं तर कुठेतरी अक्षर राहिलंय. पॉवरक्लिपमध्ये शोधा.

शेवटी पीडीएफ पाठवा, सोबत जेपीजीही द्या. प्रिंटरला सांगा, “दोन्ही जुळवून बघा, मगच छापा.” दहा मिनिटं जातील, पण ऑर्डर वाचेल.