मरणाविषयी बोलल्यानं रुग्ण खचत नाही

‘त्यांच्यासमोर मरणाचा विषय नको, ते खचतील.’ घरात कुणाला असाध्य आजार झाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. रुग्ण स्वतःच ‘आता मला सोडवा’ म्हणाला, तर नातेवाईक ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून गप्प करतात आणि डॉक्टर रिपोर्ट चाळू लागतात. या समजुतीला पुरावा काय, हे मात्र कुणी विचारत नाही. पुरावा उलट बाजूचा आहे. बळावलेल्या कर्करोगाच्या अमेरिकी रुग्णांचा एक अभ्यास २००८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी डॉक्टर अखेरच्या काळाबद्दल बोलले होते, त्यांच्यात नैराश्य किंवा चिंता जास्त आढळली नाही. व्हेंटिलेटरवर किंवा अतिदक्षता विभागात जाण्याचं प्रमाण मात्र कमी होतं. २०१० मध्ये मेलबर्नमधल्या वृद्ध रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की अशी बोलणी आधी झालेल्या घरांत मृत्यूनंतर नातेवाइकांचा ताण आणि नैराश्य कमी होतं. मग खचवतं काय? आपल्याला काय झालंय हे ओळखूनही त्याबद्दल कुणाशी बोलता न येणं.

‘सोडवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मरायचंच असतं, असंही नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सहाय्यित मृत्यूचा, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं मरणाचं औषध रुग्णानं स्वतः घेण्याचा, कायदा १९९७ पासून लागू आहे. तिथल्या वार्षिक सरकारी अहवालांत हा मार्ग निवडण्याचं सर्वाधिक नोंदलं जाणारं कारण वेदना नाही. स्वतःचे निर्णय स्वतः घेता न येणं आणि आवडीच्या गोष्टी सुटणं, ही कारणं वर असतात. औषध लिहून घेतलेले काही जण ते कधीच घेत नाहीत. म्हणून ‘नेमकं काय सोसवत नाही?’ हा प्रश्न विचारणं हा उपचाराचाच भाग आहे. उत्तर दुखण्याचं असेल, एकटेपणाचं असेल, मुलांच्या खर्चाचं असेल. प्रत्येकावर उपाय वेगळा.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: डॉक्टरांनी मरणाचा विषय काढला, तर परावलंबी माणसाला तो इशारा वाटेल. याच भीतीनं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१७ च्या कायद्यात डॉक्टरांना स्वतःहून सहाय्यित मृत्यूचा विषय काढायला मनाई केली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं २०१९ मध्ये वेगळा मार्ग काढला: विषय काढा, पण त्याच वेळी उपचारांचे आणि त्रास कमी करणाऱ्या उपशामक सेवेचे पर्यायही सांगा. भारतात सहाय्यित मृत्यू बेकायदाच आहे, त्यामुळे इथे डॉक्टरांना तसं काही देऊ करायचंच नाही. रुग्णानं काढलेला विषय ऐकून घ्यायचा आहे. घरच्यांचा दबाव असेल, तर तोही रुग्णाशी एकट्यानं बोललं तरच कळतो. ‘आमच्यात निर्णय घरचे घेतात’ म्हणणाऱ्यांनी एवढंच करावं: किती जाणून घ्यायचंय, हे रुग्णालाच विचारावं. तो ‘नको’ म्हणाला, तर तेही पाळावं.

उरलेले गैरसमज थोडक्यात. निरुपयोगी ठरलेला व्हेंटिलेटर काढणं म्हणजे खून नव्हे. ठरलेल्या प्रक्रियेनं ते करायला सर्वोच्च न्यायालयाची २०१८ पासून परवानगी आहे. वैद्यकीय इच्छापत्रासाठी, म्हणजे पुढे बोलता न आल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्यासाठी, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. योग्य मात्रेतलं मॉर्फीन मृत्यू ओढवत नाही. आणि उपशामक सेवा म्हणजे उपचार सोडणं नव्हे. ती उपचारांसोबतच सुरू करता येते. हे सगळं रुग्ण शुद्धीवर असतानाच विचारायचं असतं. नंतर त्याच्या वतीनं फक्त अंदाज बांधले जातात आणि त्यांची खंत घरच्यांना पुरते.