दोरछत्री आणि साठीनंतरचे शरीर

नाताळच्या सुट्या जवळ आल्या की भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यातही समुद्राचे बोलणे सुरू होते. पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती यांच्या संगमावरचे हे गाव. येथील ज्येष्ठांना पाण्याचे अप्रूप नाही, परंतु समुद्र पाहिलेले थोडेच. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले आई-वडिलांना मालवण, तारकर्ली किंवा गोव्याला नेतात आणि तेथे एक प्रश्न हमखास निघतो, 'पॅराशूटमध्ये बसायचे का?' अलीकडे हा प्रश्न माझ्या दवाखान्यातही येऊ लागला आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी उलट विचारतो, नेमके कशात बसायचे आहे?

हा शब्दच्छल नव्हे. पॅराशूट, पॅराग्लायडिंग आणि पॅरासेलिंग हे तीन शब्द आपल्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, पण शरीराच्या दृष्टीने ही तीन निरनिराळी कामे आहेत. पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारतात. पॅराग्लायडिंगमध्ये कामशेत किंवा पाचगणीसारख्या ठिकाणी डोंगरउतारावर काही पावले धावत जाऊन वाऱ्यावर स्वार व्हावे लागते, आणि उतरताना पुन्हा पायांवर यावे लागते. पॅरासेलिंगमध्ये माणूस छत्रीला पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि छत्री एका दोराने पुढे धावणाऱ्या बोटीला जोडलेली असते. बोट धावते तोवर छत्री वर राहते. दिशा आणि वेग बोटवाल्याच्या हाती, उंची दोराच्या लांबीवर. फ्रान्सच्या पिएर लम्वान्य यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अशा ओढून वर नेण्याच्या छत्रीला आकार दिला.

मूळ फ्रेंच 'पॅराशूट' शब्दाचा अर्थ पतनापासून रक्षण करणारे साधन. मराठीने त्याला 'हवाई छत्री' म्हटले, ते योग्यच झाले. 'सेल' म्हणजे शीड. तेव्हा पॅरासेलिंगमध्ये छत्री आणि शीड दोन्ही आले, पण ज्याच्यावर सारे अवलंबून तो दोर शब्दातून गळाला. म्हणून रुग्णांना समजावताना मी 'दोरछत्री' म्हणतो. शब्द ओबडधोबड आहे, पण दोराचा विसर पडू देत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या किनाऱ्यावर हाच दोर तुटला. छत्रीतील दांपत्य समुद्रात पडले. अंगात जीवरक्षक जाकीट असल्याने दोघेही वाचले. मे २०१९ मध्ये मात्र मुरुडच्या किनाऱ्यावरील अशाच खेळात दोर तुटून एका पंधरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला.

तेव्हा वयाचा प्रश्न कोठे येतो? अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी १२ जून २०१४ रोजी, आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी, प्रशिक्षकाला बांधून घेऊन हवेत उडी मारली. तेव्हा त्यांचे पाय चालण्यास साथ देत नव्हते. निव्वळ वयाचा आकडा पाहून कोणाला 'नाही' म्हणणे मला पटत नाही. उंचीचे भयही अनाठायी. ही छत्री साधारण दोनशे-तीनशे फूट वर जाते. नागपूरची जमीनच समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. हवा विरळ होऊन दम लागेल, ही शंका मनातून काढून टाकावी.

खरा धोका वर नसतो, तो चढण्या-उतरण्यात असतो. किनाऱ्यावरून लहान होडीत, होडीतून हलणाऱ्या मोठ्या बोटीत, ओल्या फळीवर पाय ठेवत जायचे. गुडघे आणि तोल यांची परीक्षा तेथेच होते. वेगाने धावणारी बोट लाटेवर आदळते तेव्हा पुढच्या टोकाशी बसलेल्याच्या कण्याला सर्वाधिक दणका बसतो. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीचा मणका एवढ्यानेही दबू शकतो. म्हणून ज्येष्ठांनी बोटीच्या मागच्या भागात बसावे. हाडे ठिसूळ झाल्याचे अनेकींना ठाऊक नसते. जुन्या मापाचा परकर आता जमिनीला टेकतो, असे एखादी आजी सांगते, तेव्हा मी तिची उंची मोजतो. उंची दीड-दोन इंच घटली असेल, तर मणका आधीच दबला असण्याची शक्यता मोठी. अशा आजींना मी दोरछत्रीला स्पष्ट नकार देतो.

काही ठिकाणी वाळूवरून धावत सुरुवात होते आणि वाळूवरच उतरावे लागते; काही बोटींवर सपाट फलाटावर बसून वर जाता येते आणि यंत्राने दोर गुंडाळून पुन्हा तेथेच खाली आणतात. साठीनंतर विचार करायचा तो फक्त दुसऱ्या प्रकाराचा. पैसे देण्यापूर्वी मुलांनी एवढे विचारावेच. पाण्यात पाय बुडवण्याची हौसही नको, हे आधीच बजावावे.

हृदयासाठी साधी कसोटी आहे. न थांबता, छातीत न भरता दोन मजले चढता येतात का? (भामरागडात दोन मजले शोधावे लागतात, म्हणून मी नदीकाठची चढण विचारतो.) नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, फिट्स येत असतील, हर्निया असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर किनाऱ्यावरच थांबावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना मांडीवरच्या पट्ट्यांनी मोठे काळे-निळे डाग पडतात. पडल्यास आतून रक्तस्रावाचे भय असते. त्यांनीही हा मोह टाळावा, पण सहलीसाठी गोळी परस्पर बंद करू नये. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब उतरतो. पट्ट्यांत पाय लोंबकळत राहिल्यास भोवळ येऊ शकते.

मधुमेहींची एक सवय मला फार भिववते. उलटी होईल म्हणून सकाळचा नाश्ता टाळायचा आणि इन्सुलिन किंवा गोळी मात्र नेमाने घ्यायची. साखर उतरली की घाम, थरथर, गोंधळ. बघणाऱ्यांना वाटते, घाबरले. हलके का होईना, खाऊनच निघावे.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना उंचीचा त्रास नाही. कमी पाणी, भिजलेले अंग आणि गार वारा यांचा आहे. भामरागडहून मालवण हजार किलोमीटरहून लांब. एवढ्या प्रवासानंतर एक दिवस विश्रांती घेऊनच समुद्राकडे वळावे.

निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या एका रुग्णाने मुलाला होकार कळवून टाकला होता. छत्रीत बसायचे म्हणजे छत्रीखाली बसायचे, अशी त्यांची समजूत होती. बोट, दोर, उंची हे सारे ऐकल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, मला ते नको आहे. पण त्याने पैसे भरलेत." मी त्यांच्या देखत मुलाला दूरध्वनी केला. वृद्ध माणूस मुलांच्या उत्साहापुढे 'नको' म्हणत नाही. घरच्यांनी आधी एखादी चित्रफीत दाखवावी, मग एकांतात विचारावे. विसराळूपणा वाढलेल्या व्यक्तीचा होकार तर होकार धरूच नये.

आणि खाली थांबणाऱ्यांचे काय? तरुण मंडळी बोटीवर जातात, आजोबा तासभर उन्हात वाळूवर उभे राहतात. जवळ लघवीची सोय नाही म्हणून ते पाणी पीत नाहीत, लघवीची गोळीही वगळतात. त्यांच्यासाठी सावलीतली खुर्ची, पाण्याची बाटली आणि सोबतीला एक माणूस, एवढे आधी ठरवावे. तिकिटे त्यानंतर काढावीत.