डोळ्यांपुढील अंधारी

पुणे-सोलापूर रस्त्यालगत, दौंड तालुक्यात, कासुर्डी नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात भर दुपारी शेतावरून आलेला माणूस माजघरात पाऊल टाकतो, तेव्हा क्षणभर त्यास काहीच दिसत नाही. मग हळूहळू कोपऱ्यातील रांजण दिसू लागतो. डोळा अंधारास सरावण्यास थोडा वेळ घेतो, एवढेच त्याचे कारण.

उसाच्या फडात बराच वेळ वाकलेला मनुष्य एकदम उठला, म्हणजे त्याच्याही डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते आणि डोळ्यांस व मेंदूस ते क्षणभर कमी पडते. अशा वेळी लगेच खाली बसावे किंवा आडवे व्हावे, म्हणजे अंधारी ओसरते. मात्र असे वारंवार होऊ लागले किंवा शुद्ध हरपली, तर डॉक्टरांस दाखविलेच पाहिजे.

अंधारी, झापड, डोळ्यांपुढे काजवे चमकणे असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत आहेत. परंतु शब्द एक असला, तरी त्यामागचे कारण एकच असते असे नाही. दृष्टी परत आली म्हणजे दुखणे गेले, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत कधी कधी फार महागात पडते.

अर्धशिशीचेच उदाहरण घ्या. काही लोकांना डोके दुखण्यापूर्वी दृष्टीत एक चकाकता ठिपका दिसतो. तो वाढत जाऊन त्याची करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी कड होते, आणि वीस-तीस मिनिटांत ती विरून जाते. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज वैद्याने स्वतःस दिसणाऱ्या या आकृतीची सुंदर चित्रे १८७० साली प्रसिद्ध केली. पुढे कार्ल लॅश्ले या अमेरिकी शास्त्रज्ञाने तिच्या वाढीचा वेग मोजला. त्यावरून मेंदूच्या मागील भागात काहीतरी खळबळ दर मिनिटास सुमारे तीन मिलिमीटर सरकत असावी, असे त्याने १९४१ साली मांडले. त्यालाही हा त्रास होता! ही खळबळ मेंदूत असते, डोळ्यांत नव्हे. म्हणून कोणताही एक डोळा झाकला, तरी ती आकृती दिसतच राहते. असा प्रकार प्रथमच घडला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

याहून वेगळी गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या वृद्ध माणसाच्या एकाच डोळ्यापुढे अचानक पडदा उतरतो, काही मिनिटे दिसेनासे होते आणि मग सारे पूर्ववत होते. वेदना मुळीच नसते, म्हणून आजोबा ती गोष्ट घरात कोणास सांगतही नाहीत. फार तर नातवाजवळ सहज बोलून जातात. पुष्कळदा मानेतील रक्तवाहिनीतून सुटलेली बारीकशी गुठळी डोळ्याच्या रक्तवाहिनीत क्षणकाल अडकलेली असते. तशीच दुसरी गुठळी काही तासांत वा दिवसांत मेंदूत गेली, तर अर्धांगवायू होतो. म्हणून त्याच दिवशी विनाविलंब रुग्णालय गाठले पाहिजे. कासुर्डीकरांना यवतचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे पुण्यास ससून रुग्णालय आहे. दृष्टीबरोबर तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे.

एका डोळ्यात एकाएकी विजेसारख्या रेषा चमकू लागल्या आणि काळे ठिपके पुष्कळ वाढले, तर डोळ्याचा आतील पडदा सुटत असण्याचा संभव असतो. डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर काचबिंदूची शंका घ्यावी. या दोन्ही प्रसंगी उद्यावर टाकू नये.

अडचण एकच असते. रोगी डॉक्टरांपुढे बसतो, तेव्हा त्यास सर्व काही स्वच्छ दिसत असते. पुष्कळदा डोळा तपासूनही काही सापडत नाही. अशा वेळी डॉक्टरांस रोग्याच्या सांगण्यावरच बरेचसे विसंबावे लागते. यासाठी अंधारी आली असतानाच आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहावा. दोष एका डोळ्यात आहे की दोन्हींत, हे त्यावरून कळते. ती एकदम आली की हळूहळू, डोके दुखले की नाही, हेही पाहावे. घड्याळ पाहून किती मिनिटे गेली ते लिहून ठेवावे. हे काम घरातील शाळकरी मूलही वहीच्या कोऱ्या पानावर करू शकते.